शिकारीची अल्ट्रालाइट सॅक आणि परतीचं ओझं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो या राज्यांत गाडीरस्ता सोडून, पाठीवर बिऱ्हाड घेऊन एल्क किंवा म्युल डिअर या हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सह्याद्रीत ट्रेक करून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेली काही मंडळी या छंदाकडे वळली आहेत, आणि त्यांचे पहिले प्रश्न बंदुकीपेक्षा सॅकबद्दलच जास्त असतात.

माझ्याकडे ट्रेकिंगची चांगली ६५ लिटरची सॅक आहे. तीच का नाही चालणार?

जाताना चालेल. पाच दिवसांचा तंबू, स्लीपिंग बॅग, जेवण, पाणी आणि बंदूक किंवा धनुष्य मिळून १८ ते २२ किलो होतं आणि चांगली ट्रेकिंग सॅक तेवढं नेते. खरी परीक्षा शिकार मिळाल्यावर. त्याच पाठीवर ३०–३५ किलो मांस चढवलं की कमरपट्टा घसरायला लागतो, फ्रेम कमरेपाशी दबते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. शिवाय मांस ठेवायचं कुठे? साध्या सॅकमध्ये ते स्लीपिंग बॅगच्या वर जातं, पाठीपासून लांब लटकतं आणि रक्त पाझरून कपड्यांत उतरतं.

रस्ता दोन किलोमीटरच्या आत असेल आणि बरोबर दोन-तीन मित्र असतील, तर नवी सॅक घेऊ नका. आहे त्यात भागतं.

एका एल्कचं मांस नेमकं किती भरतं?

मोठा नर जिवंतपणी ३०० किलोच्या वर असतो. हाडं काढून बोनलेस केलं तरी साधारण ८० ते ११० किलो मांस हाती येतं. म्युल डिअरच्या नराचं २५ ते ३५ किलो, म्हणजे एका माणसाचं एक ओझं. एल्कचा हाडासकट मागचा एक पायच २५ ते ३० किलो भरतो. शिंगं आणि कवटी न्यायची असेल तर तो वेगळा भार, आणि झाडाझुडपांत अडकण्याचा ताप वेगळा.

हिशोब करून बघा. १०० किलो बोनलेस मांस, गाडी ५ किलोमीटरवर, तुम्ही एकटे. मांसाच्या तीन खेपा, आणि शिंगं व मुक्कामाचं सामान मिळून चौथी. चारदा जाणं, तीनदा परत येणं, एकूण ३५ किलोमीटर. त्यातले २० भरल्या पाठीने. दोघे असाल तर प्रत्येकी १५ किलोमीटरवर भागतं. सप्टेंबरच्या धनुष्याच्या सीझनमध्ये दुपारी ऊन चांगलंच तापतं, त्यामुळे मांस खराब होण्याआधी गाडीतल्या बर्फापर्यंत पोचवायचं असतं. गाडीपासून किती आत जायचं हे या हिशोबावरून ठरवा. नकाशा बघून आलेला उत्साह तिथे उपयोगाचा नाही.

मांस जंगलात टाकून देणं हा बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. अलास्कात तर मांस बाहेर आणल्याशिवाय शिंगं आधी नेता येत नाहीत. नियम मला अगदी योग्य वाटतो.

अल्ट्रालाइट म्हणजे नक्की किती हलकी?

पायवाटेवर लांब चालणाऱ्यांच्या भाषेत अन्न, पाणी, इंधन सोडून सगळं सामान साडेचार किलोच्या आत म्हणजे अल्ट्रालाइट. त्यांची बिनफ्रेमची सॅक ५०० ते ९०० ग्रॅमची असते आणि १०–१२ किलोच्या पुढे ती नुसती पोतं होते. शिकारीच्या सॅकचा हिशोब निराळा. या वर्गातल्या बहुतेक सॅक सव्वादोन ते सव्वातीन किलोच्या आहेत. दोन किलोच्या आत राहून ४० किलो नीट उचलणारी सॅक मिळाली, तर ती इथली अल्ट्रालाइट.

मग वजन वाचवायचं कुठे?

सगळीकडे, फक्त फ्रेम आणि कमरपट्टा सोडून. सॅक घेताना मी हा एकच नियम पाळतो, बाकी सगळं तडजोडीला मोकळं.

दुकानात सॅक हातात घेतली की आपण ती उचलून बघतो आणि "अरे, किती हलकी!" म्हणतो. त्या हलकेपणाला तेव्हा काही अर्थ नसतो. ३४ किलोच्या ओझ्यात सॅकचा एक किलो म्हणजे जेमतेम तीन टक्के. पण तो किलो कमरपट्ट्याच्या आतल्या फोममधून किंवा फ्रेमच्या दांड्यांतून काढलेला असेल, तर उरलेले ३३ किलो खांद्यांवर येतात.

काढायचं असेल तर झाकण काढा; सुटं होणारं झाकण २०० ग्रॅमच्या आसपास असतं. बाजूच्या झिपा, आतले कप्पे, पाण्याच्या पिशवीचा कप्पा यांतलं निम्मं कुणी वापरत नाही. बंदांची लोंबणारी टोकं कापा, पण आधी ३५ किलो भरून बघा, कारण भरल्यावर बंद जितका लागतो तितका रिकाम्या सॅकवरून कळत नाही. आणि मुख्य वजन सॅकबाहेर आहे: तंबूऐवजी ताडपत्री, सिंथेटिकऐवजी पिसांची स्लीपिंग बॅग, दोन भांड्यांऐवजी एक. तिथे दोन-तीन किलो सहज निघतात, आणि सॅकच्या क्षमतेला धक्का लागत नाही.

फ्रेम कोणत्या धातूची घ्यावी? बाहेरची की आतली?

१९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि वजन खांद्यांवरून कमरेवर आणण्याची कल्पना रुळली. पुढे फ्रेम सॅकच्या पोटात गेली, शरीराला चिकटून बसू लागली आणि ट्रेकिंगमधून बाहेरची फ्रेम जवळजवळ हद्दपार झाली. शिकारीत मात्र ती टिकली, कारण पिशवी काढून टाकली की नुसत्या फ्रेमवर अख्खा पाय बांधता येतो.

आजच्या बहुतेक शिकारी सॅक मधल्या वाटेवर आहेत. फ्रेम वेगळी, पिशवी वेगळी, दोन्ही बंदांनी जोडलेल्या. आयडाहोतली एक्सो ही कंपनी टायटॅनियम वापरते. मोंटानातली स्टोन ग्लेशियर कार्बन फायबरच्या पट्ट्या वापरते. कोलोरॅडोतली सीक आउटसाइड नळ्यांची बाहेरची फ्रेम देते आणि तिच्या काही सॅक दीड किलोच्या आसपास बसतात.

धातूच्या नावावर जाऊ नका. फ्रेमने दोन गोष्टी कराव्यात. उभी दबू नये, म्हणजे खांदे आणि कंबर यांमधलं अंतर भाराखाली तेवढंच राहावं. आणि आडवी थोडी पिळता यावी, म्हणजे पडलेल्या झाडावरून पाय टाकताना कंबर हलली तरी सॅक तुम्हाला उलट दिशेला ओढणार नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गुडघ्यावर दाबून पाठीच्या बाकानुसार वळवता येतात. कार्बनच्या पट्टीला आकार असेल तो असेल. कमरेत खोल बाक असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कमरपट्टा घसरतो. आणखी आवळू का?

नको. आधी तो कुठे बसलाय ते बघा. बोटांनी कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. पट्ट्याचा मध्य त्या कडेवर यायला हवा, म्हणजे निम्मा पट्टा हाडाच्या वर आणि निम्मा खाली. बकल बेंबीच्या जरा खाली येतं. बहुतेक लोक पट्टा पोटावर बांधतात, आणि पोट भार पेलत नाही.

जागा बरोबर असूनही घसरत असेल तर दोन कारणं असतात. एक, पट्टा तुमच्या मापापेक्षा मोठा आहे आणि दोन्ही बाजूंचे फोम पुढे येऊन भिडलेत, त्यामुळे आणखी आवळायला जागाच नाही. शिकारीच्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरतं, तेव्हा घरी जेमतेम बसणारा पट्टा पाचव्या दिवशी सैल होतो. मधे चार बोटांची जागा शिल्लक राहील असं माप घ्या. दुसरं कारण फोम. फार मऊ फोम दुकानात गुबगुबीत वाटतो आणि ३० किलोखाली चपटा होतो. चांगला पट्टा हातात जरा टणक, थोडा आडमुठाच लागतो.

फार आवळल्याचीही शिक्षा आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर पट्टा कमरेपुढच्या एका नसेवर दाब देतोय. खांद्यांचे बंद फार ताणले तर हात जड पडतो, कधी बोटांतली ताकद जाते. लष्करातल्या सैनिकांना जड पाठओझ्यामुळे होणारा हा जुना त्रास आहे. दर अर्ध्या तासाने भार बदला: पाच मिनिटं खांद्यांचे बंद आवळून कमर सैल, मग उलट. हे दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर करून फारसा उपयोग होत नाही.

पाठीचं माप कसं घ्यायचं?

मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जे हाड ठळक वर येतं तिथून, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत, पाठीच्या वळणावरून टेप लावून मोजा. दुसऱ्याची मदत घ्या, एकट्याने नीट येत नाही. हे माप उंचीवरून ठरत नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात.

लोड लिफ्टर लागतातच का?

३० किलोला लागतात. खांद्याच्या बंदापासून फ्रेमच्या वरच्या टोकाला जाणारे हे छोटे पट्टे वरच्या दिशेने ३० ते ४५ अंशांत गेले पाहिजेत. त्यासाठी फ्रेम खांद्याच्या बऱ्यापैकी वर यावी लागते, म्हणूनच शिकारी सॅकच्या फ्रेम ६१ किंवा ६६ सेंटीमीटर उंच असतात. पट्टे आडवे जात असतील तर ते सॅक फक्त पाठीवर ओढतात, खांद्यावरचा भार उचलत नाहीत. उंच फ्रेम झाडाखालून वाकताना फांद्यांत अडते, त्याला इलाज नाही.

लोड शेल्फवर मांस कसं बांधायचं?

पिशवी आणि फ्रेम यांचे बंद सोडा म्हणजे मधे खोबण तयार होते, हाच लोड शेल्फ. मांस तिथे, पाठीला लागून. मग पिशवी त्यावर दाबून बांधा. जड वस्तू पाठीपासून एक वीतभर लांब गेली तरी ती तुम्हाला मागे खेचते आणि तुम्ही वाकून चालता.

मांस सुती किंवा सिंथेटिक जाळीच्या, हवा जाणाऱ्या पिशवीत भरलेलं असावं. बोनलेस मांसाला आकार नसतो. ते सरकत खाली जातं आणि कमरेमागे गोळा होऊन बसतं. म्हणून आधी तळाला जॅकेट किंवा तंबूची गुंडाळी ठेवून मांस थोडं वर उचला, पिशवीचं तोंड फ्रेमच्या वरच्या दांडीला बांधा आणि बंद खालून वर अशा क्रमाने आवळा. वीस मिनिटं चालल्यावर थांबून पुन्हा आवळावे लागतातच. वजन खांद्याच्या पात्यांच्या मधोमध यावं. वाट सोडून खड्या उतारावर जायचं असेल तर चार बोटं खाली.

गरम मांस कधीही जलरोधक पिशवीत कोंडू नका. आधी सावलीत, वारा लागेल असं टांगून निववा. खोबणीचा आणखी एक फायदा हाच: मांस सॅकच्या पोटाबाहेर राहतं.

बोनलेस करताना राज्याचा नियम आधी वाचा. कोलोरॅडोत नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. अलास्काच्या काही भागांत मांस हाडासकटच आणावं लागतं. आणि हरणांना झिजवत नेणारा मेंदूचा तो रोग, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज), जो पहिल्यांदा १९६७ साली कोलोरॅडोतच दिसला, त्यामुळे अनेक राज्यं मेंदू आणि पाठीचा कणा सीमेपलीकडून आणू देत नाहीत.

कापड कोणतं?

५०० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा नायलॉन जड आहे, पाणी पितं, पण फांद्यांना दाद देत नाही आणि शांत आहे. एक्स-पॅक हलकं आणि जलरोधक, मात्र थंडीत कडक होतं आणि घासलं की करकरतं. बंदुकीने २०० मीटरवरून मारणाऱ्याला याचं काही नाही. धनुष्य घेऊन ३० मीटरवर दबा धरून बसलेल्याला तो एक आवाज अख्खा दिवस घालवायला पुरतो. डायनीमा कंपोझिट सगळ्यात हलकं, ताणाला जबरदस्त, पण टोचणं आणि घासणं त्याला सोसत नाही. रॉकीज पर्वतात किड्याने मेलेल्या पाइनची उभी-आडवी जंगलं आहेत, वाळक्या फांद्या सुयांसारख्या बाहेर आलेल्या असतात. तिथे पातळ डायनीमा नेऊ नये. अल्ट्रा नावाचं नवं कापड वजन आणि मजबुती यांचा या सगळ्यात बरा मेळ राखतं, किंमतही तशीच.

मी सुचवेन की पिशवी एक्स-पॅक किंवा तत्सम, आणि तळ व फ्रेमलगतचा भाग कॉर्ड्युराचा. रंगाची फार चिंता करू नका.

किती लिटरची?

अमेरिकेतले कारखाने घन इंचात सांगतात: १,००० घन इंच म्हणजे साधारण १६.४ लिटर, ५,००० म्हणजे ८२. तीन ते पाच दिवसांना ६५–८० लिटर, आठवड्याला ९०–११०. मांस पिशवीबाहेर राहणार असल्याने त्यासाठी वेगळे लिटर धरायचे नाहीत. मोठी पिशवी दाबून लहान करता येते का, तेवढं तपासा.

विकत घेण्याआधी तपासायची कशी?

इंडियन स्टोअरमधून २० पौंडी तांदळाच्या तीन गोण्या आणा. २७ किलो झाले, आणि तांदूळ मांसासारखाच जड, आकारहीन असतो. शेल्फवर बांधा आणि घराबाहेर पडा. लोखंडी प्लेटा लावून बघू नका, त्या सरकत नाहीत आणि खोटा आत्मविश्वास देतात.

एक तास चाला, त्यात जिना किंवा चढ हवाच. तासाभराने खांद्याच्या बंदाखाली दोन बोटं घाला. ती सहज गेली तर भार कमरेवर आहे. नाही गेली, तर जोडीदाराला बाजूने फोटो काढायला सांगा. फ्रेम दबली असेल तर फोटोत लगेच दिसतं. थेट विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या ठरावीक मुदतीत सॅक परत घेतात, पण स्वच्छ असेल तरच. तेव्हा ही चाचणी चिखलात नको.

नंतर ते तांदूळ खायचे आहेतच, गोणी फाटू देऊ नका.

माझं वजन ६० किलो आहे. मी किती उचलावं?

शरीराच्या एक तृतीयांश वजन दिवसभर चालतं. २० किलो. सवय असेल तर थोड्या अंतरासाठी निम्म्यापर्यंत जाता येतं, त्यापुढे गुडघे आणि घोटे जोखमीत येतात. खेपा वाढवा. बायकांसाठी वेगळ्या आकाराचे पट्टे आणि जवळ बसणारे खांद्याचे बंद मिळतात. कंबर आणि नितंब यांचा कोन वेगळा असल्याने साध्या पट्ट्याची फक्त वरची कड टोचते. ही गोष्ट "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका.

उठताना जमिनीवरून झटका देऊन सॅक उचलायची नाही. कमरेएवढ्या दगडावर किंवा उतारावर ठेवा, बसून बंद चढवा, एका गुडघ्यावर या, दोन्ही काठ्या रोवा आणि मग उभे राहा.

सॅकमुळे केशरी जाकीट झाकलं जातं. चालतं का?

कोलोरॅडोत बंदुकीच्या सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी रंग अंगावर आणि त्याच रंगाची टोपी बंधनकारक आहे. मोंटानात ४०० चौरस इंच. मोठी सॅक पाठीमागचा सगळा रंग झाकते, म्हणून सॅकवर केशरी आवरण चढवा. मांस आणि शिंगं घेऊन झाडीतून जाणारा माणूस लांबून काय दिसतो, याचा विचार केला तर नियमाची आठवण करून द्यावी लागत नाही. शिंगांनाही केशरी पट्टी गुंडाळा.

अस्वलांच्या मुलखात अस्वलाला पळवायचा स्प्रे छातीवर किंवा कमरपट्ट्यावर, एका हाताने निघेल असा. सॅकच्या बाजूच्या खिशात तो नसल्यासारखाच.

किंमत?

फ्रेम आणि पिशवी मिळून साधारण ५०० ते ८०० डॉलर. हंगाम संपल्यावर वापरलेल्या सॅक बऱ्याच निघतात. फ्रेमला चीर, बकल आणि पट्ट्याच्या शिलाया बघून घ्या. कापडावरच्या डागांनी काही बिघडत नाही.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे, बंदूक बाळगता येते का?

केंद्रीय कायद्याने अशा व्हिसाधारकांना बंदी आहे, पण राज्याचा वैध शिकार परवाना असणाऱ्यांना अपवाद आहे. प्रश्न व्हिसाचा असल्याने वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

ही सॅक भारतात नेली तर उपयोग होईल?

शिकारीसाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, आणि शिंगं बरोबर नेण्याचा विचारही करू नका. पण सुळक्यांच्या मोहिमेला दोर, बोल्ट, हातोडे आणि पाणी वाहणाऱ्यासाठी, किंवा उन्हाळ्यात रेंज ट्रेकला सहा-सात लिटर पाणी घेऊन निघणाऱ्यासाठी शेल्फवाली फ्रेम उत्तम. एका दिवसाच्या राजगडासाठी मात्र ती निव्वळ हौस.

जाता जाता: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेपाळी हमाल पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार वाहताना आढळले, तेही डोको या टोपलीची दोरी कपाळाला लावून. त्यांच्या पाठीवर ना टायटॅनियम असतं, ना कमरपट्टा. ते लहानपणापासूनची सवय आणि सतत थांबत जाण्याची पद्धत यांवर चालतं. सॅक विकत घेऊन ते मिळत नाही.

रक्त लागलेली सॅक कशी धुवायची?

थंड पाण्याने, शक्यतो त्याच दिवशी. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. पिशवी फ्रेमवरून सोडवा, टबमध्ये थंड पाणी आणि एन्झाइमवाला साबण घालून रात्रभर भिजवा, मऊ ब्रशने शिलाया घासा. कमरपट्ट्याचा फोम शेवटपर्यंत ओला राहतो, त्यामुळे पट्टा वेगळा काढून सावलीत दोन दिवस वाळवा. वॉशिंग मशीन आणि ड्रायर दोन्ही टाळा, आतला जलरोधक थर सुटतो. वास राहिलाय का हे घरातल्या कुत्र्याला विचारा. तो सॅकपाशी घुटमळला तर अस्वलही घुटमळेल, पुन्हा धुवा.